वहिनींच्या बांगड्या

लग्नाच्या हॉलमध्ये, बँकेच्या रांगेत, एकदा तर दवाखान्यात सलाइन लावून पडले होते तेव्हासुद्धा, लोकांनी मला तेवढं एकच करून दाखवायला सांगितलंय. ते बांगड्यांचं करा ना, म्हणतात. मी करते. नाही म्हटलं तर माणसं नाराज होतात आणि वर शिष्ट म्हणतात. उजव्या हाताने डाव्या हातातल्या बांगड्या मनगटावरून वर सारायच्या, कोपराच्या अलीकडे घट्ट अडकेपर्यंत. मग डाव्याने उजव्या हातातल्या. आणि मान जराशी कलती करून म्हणायचं, ‘मला काय करायचंय म्हणा, पण…’ झालं, लोक खूश. आयुष्यभर कामं केली, त्यातलं एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं, आणि तेही माझं नाही. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं आहे. मी त्यांना वहिनी म्हणायचे.

पनवेलला आमचे दोन ब्लॉक शेजारी शेजारी होते, एक दिरांचा, एक आमचा. मधली भिंत फोडून दार केलेलं. स्वयंपाक त्यांच्याकडे आणि टीव्ही आमच्याकडे असा कारभार. माझा नवरा तळोज्याला एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. घरी यायचा तो कपड्यांना उग्र वास घेऊनच, आणि वहिनी त्याला दारातूनच आधी न्हाणीघरात पिटाळायच्या. दीर मुंबईला ऑफिसात. सज्जन, पण मूग गिळून बसलेला माणूस. त्यामुळे घरातलं सगळं बोलणं वहिनींच्या वाट्याला आलं होतं आणि त्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही.

कणीक मळायला घेताना बायका बांगड्या वर सारतात. वहिनी बोलायला घेतानाही सारायच्या. बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी काय चाललंय याची त्यांना बित्तंबातमी असायची, कारण त्या सरळ जाऊन विचारायच्या. चौकशी करून गप्प बसणारी जात वेगळी. वहिनी चौकशी करायच्या आणि मग कामाला लागायच्या. वरच्या मजल्यावर एक नवी सून आली होती. तिचं तोंड सुकलेलं बघून तिला दिवस गेलेत हे तिच्या सासूच्या आधी वहिनींना कळलं. गेल्या वर. बांगड्या सारल्या. मला काय करायचंय म्हणा, पण त्या पोरीला सकाळी उठल्याबरोबर काहीतरी कोरडं खायला देत जा, आणि पाण्याच्या बादल्या तिला उचलायला लावू नका. सासू चरफडली, पण दुसऱ्या दिवसापासून बादल्या मुलगा उचलायला लागला. सात-आठ महिन्यांनी बारशाला पाळण्याची दोरी वहिनींच्या हातात दिली तीही त्याच सासूने.

मी कॉलेजात नाटकं केलेली. लग्नानंतर सुटलं असतं, नव्हे सुटलंच होतं. गावातल्या हौशी मंडळींची तालीम संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये चालायची. तिथं जाऊ का, हे मी नवऱ्याला विचारायच्या आत वहिनींनीच परवानगी देऊन टाकली. पोळ्या त्यांनी अंगावर घेतल्या. पुढे मुलगी झाली तर मुलगीही अंगावर घेतली.

माझा सिनेमातला श्रीगणेशाही त्यांच्याच हातून झाला. पनवेलजवळच्या आपट्याचं स्टेशन छोटंसं, देखणं, नदीजवळचं, दिवसातून थोड्याच गाड्या. शूटिंगवाल्यांना ते फार सोयीचं. एकदा तिथं प्लॅटफॉर्मवर उभ्या करायला बायका हव्यात असा निरोप पनवेलात आला. मी नको म्हणत होते, मुलगी अजून रांगत होती. वहिनी म्हणाल्या, चल, तिला मी घेते कडेवर. गेलो. उन्हात उभं राहून राहून डोकं उठलं. दुपारी गडबड सुरू झाली. नायिकेशी दोन वाक्यं बोलणारी शेजारीण मुंबईहून आलीच नव्हती आणि उजेड चालला होता. दिग्दर्शकाचा मदतनीस कपाळाला हात लावून बसलेला. आमच्या वहिनी माझ्या मुलीला माझ्याकडे देऊन त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. बांगड्या वर गेल्या.

“मला काय करायचंय म्हणा, पण तुमचं काम अडलंय ना? आमची धाकटी नाटकांत काम करते. एकदा तिच्याशी बोलून तर बघा.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण त्यांनी बोलून बघितलं, आणि ती दोन वाक्यं मला मिळाली. तिथून मग एकातून एक. नायिकेची मैत्रीण, नर्स, खून झालेल्याची बायको, हीरोची वहिनी. पनवेलच्या स्टँडवरून पहाटेची एस.टी. धरायची, मुंबईला दिवसभर मेकअप करून बसायचं, सूर्य मावळायला आला की एक सीन व्हायचा. नाहीतर तोही नाही. असं कितीतरी वर्षं. ओळख म्हणावी तर पनवेलात. तीही ‘त्या सिनेमात दिसली होती म्हणे’ एवढीच.

या सगळ्या काळात मुलगी वहिनींकडे. तिचं जेवण, तिचा अभ्यास, तिच्या वेण्या. ती त्यांना मोठीआई म्हणायची. मला नुसतं आई, म्हणजे हिशेबाने मी धाकटीच. वहिनींचा मुलगा पुण्याला शिकायला होता, त्यामुळे हिचे लाडही तिकडेच. बिल्डिंगमधल्या बायका वहिनींना टोचायच्या, की जाऊ रंगवून घेतेय तोंड आणि तुम्ही सांभाळताय पोर. वहिनी त्यांना काय उत्तर द्यायच्या मला माहीत नाही. मला मात्र कधी म्हणाल्या नाहीत की आता पुरे कर.

मग ती मालिका आली. तेव्हा मराठी मालिकांना नुकते बरे दिवस येत होते. आठवड्यातून एकदा लागायची आणि त्या वेळी रस्त्यात चिटपाखरू नसायचं. माझं काम चुलतसासूचं. घरात लावालावी करणारी, सुनेच्या वाईटावर टपलेली. कागदावर अगदीच मेलेली बाई. पहिल्या दिवशी दिग्दर्शकाने सकाळचे सगळे सीन करून घेतले आणि म्हणाला, सगळं बरोबर आहे हो, पण ही बाई कुणीही असू शकते. म्हणजे मीच कुणीही असू शकते, असंच मला ऐकू आलं. इतकी वर्षं मी तेच तर होते, कुणीही. जेवणात माझं लक्ष लागलं नाही.

जेवणानंतर कॅमेरा लागला. समोर सुनेचा नवरा उभा, मला त्याचे कान भरायचेत. माझ्या हातात मेकअपवाल्याने चढवलेल्या हिरव्या बांगड्या होत्या, जरा सैलच. वाक्याच्या आधी माझा हात बांगड्यांकडे गेला. मी त्या वर सारल्या, मान कलती केली आणि कागदावर नसलेलं वाक्य तोंडातून आलं. मी हे ठरवून केलं नव्हतं, खोटं कशाला सांगू. पण केल्या क्षणी मला कळलं होतं की हे कुणाचं आहे, तेही खोटं कशाला सांगू. कट झाल्यावर दिवेवाली पोरंसुद्धा हसत होती. दिग्दर्शक उठून आला, म्हणाला, हे सोडू नका, प्रत्येक सीनला हवंय. लेखकाने ते वाक्य लिहूनच टाकलं. त्या दिवशी एस.टी.त मी खिडकीशी बसून स्वतःशीच हसत होते. कुणीही नव्हते मी आता.

वाक्य तेच, हात तोच. फक्त वहिनींच्या ‘पण’नंतर कोरडं खायला द्या यायचं, आणि माझ्या ‘पण’नंतर विष. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात. मी मोजले आणि मोजून सगळ्या महाराष्ट्राला दाखवले.

पहिला भाग लागला तेव्हा अर्धी बिल्डिंग आमच्या हॉलमध्ये. वहिनींनी पातेलंभर पोहे केले होते. त्यांच्या धाकटीची मालिका म्हणून त्यांनीच सगळ्यांना बोलावणी केली होती. मी पडद्यावर आले, टाळ्या पडल्या. मग ते बांगड्यांचं झालं. एक एक करून माना वहिनींकडे वळल्या आणि हसू फुटलं. नवऱ्याने मात्र माझ्याकडे बघितलं.

वहिनी सगळ्यांत जास्त हसत होत्या. डोळे पुसत म्हणाल्या, मेली कसली आगलावी बया आहे ही, आणि बोलता बोलता त्यांनी बांगड्या वर सारल्या. तेव्हा तर लोक लोळायचेच बाकी राहिले. वहिनींना वाटलं टीव्हीला हसतायत. आपण कसे चालतो, कसा हात करतो, हे आपल्याला कुठं दिसतं? त्या आणखी हसल्या आणि पोहे वाढायला उठल्या. मला हायसं वाटलं. त्यांना कळलं नाही, म्हणजे काही झालंच नाही, असा मी सोयीचा हिशेब लावला.

नवरा नंतर एवढंच म्हणाला, की हे बरं नाही केलंस. मी त्याच्यावर उसळले. नट माणसांकडून घेणार नाही तर काय आभाळातून घेणार, तुला काय कळतं यातलं, तू तुझ्या टाक्या आणि पाइप बघ. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

दोन-तीन भाग झाले असतील. रविवारी मी आणि वहिनी मासळीबाजारात गेलो होतो. आमची कोळीण ठरलेली, वहिनींची तिची जुनी ओळख, जुनी भांडणं. वहिनींनी पापलेट उलटून बघितलं, कल्ले बघितले, आणि भाव करायला म्हणून हात बांगड्यांकडे नेला. कोळीण हसायलाच लागली.

“आगो वैनी, तुमी टीवीत आल्या ना! हात तोच, बोलनं तेच. आमी सगल्या बघताव. लय आगलावी हाय ती बाय, पन तुमच्यासारकी दुसरी कुनी नाय.”

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, कौतुकच होतं. आजूबाजूच्या कोळणी हसल्या, गिऱ्हाइकंही हसली. वहिनींचा हात बांगड्यांवर तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली सोडला, पापलेट पिशवीत टाकायला सांगितलं आणि भाव न करता पैसे देऊन टाकले. वहिनींनी भाव न करता मासळी घेतलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. घरी येईपर्यंत मी आपली उन्हाबद्दल बोलत होते.

घरी आल्यावर त्या मोरीपाशी पापलेट साफ करायला बसल्या. मी मागे कांदा चिरत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं.

“मी अशी दिसते का गं?”

त्या वेळी खरं बोलता आलं असतं. वहिनी, चुकलं माझं, म्हणायला किती वेळ लागतो? त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या, दोन दिवस अबोला धरला असता, आणि मग त्याच हसल्या असत्या. मला माहीत होती ना ती बाई. पण मी म्हटलं, छे हो वहिनी, सगळ्याच बायका करतात तसं. त्या म्हणाल्या, हो, तेही खरंच. पुढे मिठाचा डबा मागितला. कालवण नेहमीसारखंच झालं होतं.

मी दिग्दर्शकाला सांगून बघितलं, हे तरी माझ्या बाजूने म्हणून ठेवते. म्हटलं, ते बांगड्यांचं कमी करू या का, फार होतंय. तो हसला. म्हणाला, ते काढलं तर बाईत उरतं काय? खरंच काही उरत नव्हतं. फार हट्ट धरला असता तर चुलतसासू तीर्थयात्रेला गेली असती आणि मी पुन्हा खून झालेल्याची बायको झाले असते. मी मनाशी ठरवलं की करायचं, पण लहान करायचं, ओझरतं. कॅमेरा सुरू झाला की हात आपोआप मोठा व्हायचा. टाळीची चटक वाईट. लागली की माणूस कुणाचाच राहत नाही.

तोवर गावाला खेळच मिळाला होता. वहिनी भाजीला गेल्या की पोरं मागून बांगड्या सारल्याचा आवाज तोंडाने काढायची. कुणी वाईट वागत नव्हतं, लोक गंमत करत होते. गमतीला उत्तर काय देणार? त्याही हसायच्या. घरी आल्यावर मात्र त्या पिशवी ठेवून थोडा वेळ नुसत्या खुर्चीत बसायच्या. त्या अशा बसलेल्या मी पूर्वी कधी बघितल्या नव्हत्या.

संक्रांतीला एका महिला मंडळाने हळदीकुंकू आणि माझा सत्कार असं एकत्रच ठेवलं. शाळेचा हॉल, ज्यात मी पूर्वी तालमी केल्या तोच. वहिनींनी येऊ नये असं मला फार वाटत होतं, पण सांगणार कसं? सांगायचं तर का ते सांगावं लागलं असतं. त्या आल्या, काळी चंद्रकळा नेसून, माझ्या मुलीला हलव्याचे दागिने घालून. मंडळासाठी तिळाच्या वड्याही त्यांनीच केल्या होत्या.

शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंना उत्साह फार. त्या माइकवर म्हणाल्या, आता खऱ्या सासूबाईंनाही वर बोलवू या. हॉलमध्ये एकच टाळ्या. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. तिथून, तिसऱ्या रांगेतून. मी नुसतं नको म्हटलं असतं, नुसती मान हलवली असती, तरी भागलं असतं. समोर फोटोवाला होता, मी हसत होते. तशीच हसत राहिले.

वहिनी वर आल्या. कुणाच्या रंगाचा बेरंग करणारी ती बाई नव्हती. बाईंनी माइक त्यांच्या तोंडाशी धरला, म्हणा ना, म्हणा. वहिनींनी बांगड्या सारल्या. आयुष्यभर जे नकळत केलं ते त्या आता कळून करायला गेल्या. एक बांगडी मध्येच अडकली. वाक्य म्हणाल्या ते शाळेतल्या मुलीने पाठ केलेली कविता म्हणावी तसं. मागून कुणीतरी म्हणालं, नाही हो, धाकटीच छान करते! मग हशा, आणि सगळ्यांचं एकच, आता तुम्ही करा, तुम्ही करा.

मी केलं. वहिनी माझ्या शेजारी उभ्या असताना, त्यांचंच ते बांगड्यांचं मी त्यांच्यापेक्षा चांगलं करून दाखवलं. हॉल दणाणला. वहिनीही टाळ्या वाजवत होत्या.

घरी येताना मुलीचे हलव्याचे दागिने सुटायला लागले होते. ते एकेक सांभाळत आम्ही चाललो. वहिनी म्हणाल्या, वड्यांमध्ये गूळ जरा जास्त झाला का गं? मी म्हटलं, नाही, छान झाल्या होत्या.

पुढे उन्हाळ्यात दिरांच्या मामेभावाकडे लग्न होतं. बांगड्या भरायला कासारीण घरी आली. माझ्या झाल्या, मुलीला तिने हौसेने सैलशा, लाल-हिरव्या भरल्या. वहिनींचं माप तिला पाठ होतं. वहिनी म्हणाल्या, एक माप कमी भर. कासारणीला वाटलं त्यांना विसर पडला. ती म्हणाली, लागतील हो वहिनी, हात दुखेल. वहिनी म्हणाल्या, दुखू दे, घट्ट बसायला हव्यात. साबण लावून, बोटांची हाडं दाबून दाबून तिने त्या चढवल्या. वहिनींचे डोळे पाण्याने भरले होते. एक चढवतानाच पिचून वाढली तर त्यांनी दुसरी घ्यायला लावली. शेवटी दोन्ही मनगटांवर बांगड्या अशा बसल्या की हलेनात, वाजेनात, वर जाईनात. मी समोर बसले होते. कासारणीने मला विचारलं, यांना आज झालंय काय? मी म्हटलं, काय माहीत.

तेव्हापासून कणीक मळताना त्यांच्या बांगड्यांना पीठ लागायचं. मळून झालं की त्या खिडकीशी बसून काडीने ते खरवडत बसायच्या. बोलतानाही तसंच. ‘मला’ म्हणून सुरुवात करायच्या आणि थांबायच्या. लोक म्हणायचे, वहिनी शांत झाल्या हो, वय झालं आता. वय कसलं डोंबलाचं झालं होतं, पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी.

त्याच सुमारास समोरच्या ब्लॉकमध्ये एक नवी सून आली. अगदी गप्प पोरगी. एकदा भाजी निवडताना वहिनी मला म्हणाल्या, ती पोर खंगत चाललीय, तिला पोटभर मिळत नसावं. मी म्हटलं, मग बोला ना तिच्या सासूशी. त्यांनी मेथीची जुडी सोडली.

“नको. म्हणतील, आली टीव्हीतली.”

मी तेव्हा तरी स्वतः उठून समोर जायला हवं होतं. मला दुसऱ्या दिवशी शूटिंग होतं, संवाद पाठ करायचे होते. दोन महिन्यांनी त्या मुलीचा बाप आला आणि तिला घेऊन गेला. जिन्यात तिला धरून उतरवावं लागलं. वहिनी दाराच्या फटीतून बघत होत्या. दार उघडून बाहेर आल्या नाहीत.

मालिका जोरात होती. आता मला न्यायला गाडी यायची. चुलतसासूला मुख्य सासूपेक्षा जास्त सीन. मुलीने मात्र ती मालिका कधी बघितली नाही. पडद्यावरची आई तिला आवडायची नाही. मालिका लागली की ती उठून मोठीआईकडे जायची.

दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. मी आवरून गाडीची वाट बघत होते. मधलं दार लोटलेलं होतं. पलीकडे वहिनींच्या हॉलमध्ये बिल्डिंगमधल्या मुली भातुकली मांडून बसल्या होत्या. खालच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक मुलगी दाराशी उभी होती आणि बाकीच्या तिला घेत नव्हत्या, हे मला आवाजावरून कळत होतं. मग माझ्या मुलीचा आवाज आला, आणि त्याच्या आधी बांगड्यांचा. लग्नातल्या त्या सैल, लाल-हिरव्या.

“मला काय करायचंय म्हणा, पण तुम्ही हिला खेळायला घ्या. ती कधीची उभी आहे.”

मी दार जरासं ढकललं. मुलगी मान कलती करून उभी होती, बांगड्या कोपराला लावून. मालिकेतलं त्यात काही नव्हतं. जसं होतं तसं, मुळातलं होतं, मागाहून मी घातलेलं विष वगळून. आणि त्या मुली सरकून जागा करत होत्या. मला वाटलं, वाचलं. माझ्या हातून सुटून कुठंतरी वाचलं.

वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. मुलीजवळ खाली बसल्या. तिचा हात हातात घेतला आणि वर सारलेल्या बांगड्या एक एक करून तिच्या मनगटावर खाली आणल्या.

“असं करू नये, बाळा. लोक हसतात.”

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. “मग तू का करायचीस?”

“मला कुठं माहीत होतं,” वहिनी म्हणाल्या.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. मी दार होतं तसं लोटून घेतलं, मेकअपची पेटी उचलली आणि जिना उतरले. पहिला सीन माझाच होता. बांगड्या वर सारल्या, वाक्य टाकलं. एका टेकमध्ये ओके झालं.